नोकरी सांभाळून एमबीए : शनिवार-रविवार कोणाचे?

प्रश्न : ताई, मी ३३ वर्षांचा सिव्हिल इंजिनिअर. राहतो डोंबिवलीत, काम मुलुंडला एका गृहप्रकल्पाच्या साइटवर. आता साइट सोडून प्लॅनिंग किंवा कॉन्ट्रॅक्ट्स विभागात जायचं आहे, पण तिथे घेताना एमबीए आहे का, असं विचारतात. चर्चगेटचा संध्याकाळचा तीन वर्षांचा कोर्स करावा, शनिवार-रविवारचा करावा, की सरळ ऑनलाइन? कंपनी निम्मी फी भरायला तयार आहे, पण पुढे तीन वर्षं नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून द्यावा लागेल. उरलेल्या फीसाठी कर्ज काढेन. बायको शाळेत शिक्षिका आहे, मुलगी चार वर्षांची. घरून पूर्ण पाठिंबा आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : संध्याकाळचा कोर्स यादीतून आधी काढून टाका. स्लॅबचं काँक्रीट एकदा सुरू झालं की मध्येच थांबवता येत नाही, थांबवलं तर कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा, येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की सहाला संपणारं काम नऊवर जातं. त्या दिवशी तुम्ही दादरला पूल चढून चर्चगेट लोकल पकडणार कधी? आणि वर्ग सुटल्यावर डोंबिवलीला पोहोचणार कधी?

मी स्वतः नव्वदच्या दशकात मुंबई विद्यापीठाचा असाच संध्याकाळचा कोर्स केला. माझं ऑफिस फोर्टमध्ये होतं. टेबल आवरलं की चालत वर्गात. जिद्द आमच्या वर्गात सगळ्यांकडेच होती, पण दुसऱ्या वर्षी गळाले ते लांबून येणारे. हुशारीत ते आमच्यापेक्षा कमी नव्हते. म्हणून मला कोणी कोर्सबद्दल विचारलं की मी आधी नकाशा काढायला लावते आणि मग अभ्यासक्रम वाचायला सांगते.

तुमच्यासाठी शनिवार-रविवारचा वर्ग बरा, आणि तोही शक्यतो मध्य रेल्वेवर. विद्याविहारला सोमय्या आणि माटुंग्याला वेलिंगकर ही व्यवस्थापन शिक्षणातली जुनी नावं तुमच्याच लाइनवर आहेत. विद्याविहारला फास्ट गाडी थांबत नाही, घाटकोपरला उतरून स्लो पकडावी लागते, तरी चर्चगेटपेक्षा हे कितीतरी सोपं. यंदा कोणता वर्ग कोणत्या वारी भरतो ते प्रत्यक्ष जाऊन विचारा, आणि शेवटच्या वर्षाला असलेल्या दोघा-तिघांना बाहेर चहाला गाठा. माहितीपत्रकात नसतं ते तिथे कळतं : परीक्षा वेळेवर होतात का, प्राध्यापक येतात का, गटाचं काम खरंच गट करतो की एकटाच कोणीतरी.

साइट शनिवारी चालू असते, बऱ्याचदा रविवारीही. ७५ टक्के हजेरीची अट साधारण सगळीकडे असते. तेव्हा साहेबांना आधी सांगा. लपवून करणारे पुष्कळ असतात, आणि पहिल्या परीक्षेच्या आठवड्यात सगळं उघडं पडतं. मोठे स्लॅब शुक्रवारपर्यंत उरकता येतील का, नाही जमलं तर शनिवारी तुमच्या जागी कोण उभं राहील, हे त्यांच्याशी बोलून ठरवा आणि ठरलेलं ई-मेलवर लिहून घ्या.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. ‘घरून पूर्ण पाठिंबा आहे.’ मला येणाऱ्या बहुतेक पुरुषांच्या पत्रांत हे वाक्य असतं, आणि त्याखाली घरचं काय ठरलंय ते कधीच नसतं. दोन-तीन वर्षांचे शनिवार-रविवार तुम्ही वर्गाला देणार, म्हणजे ते तुमच्या बायकोकडून घेणार. त्यांनाही पेपर तपासायचे असतात, त्यांचीही नोकरी आहे. मुलगी तापली तर शनिवारी डॉक्टरकडे कोण नेणार? वार्षिक परीक्षांच्या दिवसांत त्यांच्या शाळेत आणि तुमच्या वर्गात एकदमच गर्दी होणार, तेव्हा स्वयंपाकाचं काय? त्यांना स्वतःला काही शिकायचं आहे का, हे तुम्ही विचारलंय का? विचारा. ‘तुमचं झालं की मग माझं’ असं उत्तर आलं, तर त्या ‘मग’चं वर्ष आत्ताच ठरवा आणि त्यासाठीचे पैसेही बाजूला काढायला लागा. हे मी फार मनापासून लिहिते आहे. नवऱ्याची पदवी झाली आणि बायकोचं एमएड राहूनच गेलं, अशी घरं मी खूप पाहिली आहेत.

ऑनलाइनबद्दल. कागदावर ती पदवी कमी नाही, पण तुमच्या बाबतीत मी वर्गच सुचवेन. तुम्ही रोज आरए बिलं (झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याची बिलं) पाहता, एमबीत (मेजरमेंट बुकात) मोजमापं लिहिता, कॉन्ट्रॅक्टरचे रिटेन्शनचे (हमी म्हणून रोखून धरलेले) पैसे अडकलेले पाहता. वर्किंग कॅपिटल, म्हणजे खेळतं भांडवल, हा विषय वर्गात फळ्यावर येईल तेव्हा बँकेतला, औषध कंपनीतला, जहाज कंपनीतला माणूस आपापला अनुभव सांगेल, आणि तुम्ही सांगाल की बिल दीड महिना थकलं की कॉन्ट्रॅक्टर मजूर दुसऱ्या साइटवर हलवतो आणि मग आपलं वेळापत्रक कसं कोसळतं. नोकरी करत शिकण्यातली खरी कमाई ही आहे. सोमवारी साइटवर गेल्यावर तेच बिल तुम्ही वेगळ्या नजरेने वाचाल. प्रोजेक्टलाही आपल्याच साइटचा प्रश्न घ्या, मात्र आकडे वापरायची कंपनीची परवानगी आधी काढा. कॉन्ट्रॅक्ट्समध्येच जायचं नक्की असेल, तर १९८३ पासून बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या पुण्याच्या निकमार या संस्थेकडे नोकरदारांसाठी सध्या काय आहे, तेही पाहून ठेवा.

बाँड नीट वाचल्याशिवाय सही नको. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करार मोडल्याची भरपाई वाजवी असावी लागते हे खरं, पण ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ या मित्रांच्या सल्ल्यावर जाऊ नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याने २ लाख रुपये भरायचे ही अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं, तरी धडा घ्या. तीन वर्षं कधीपासून मोजणार, प्रवेशापासून की निकालापासून? दर वर्षी रक्कम कमी होत जाते का? कंपनीनेच काढलं तर काय? या तिन्हींची उत्तरं लेखी हवीत.

कर्ज बँकेकडून घ्या, कारण नातेवाइकाकडून घेतलेल्या पैशाच्या व्याजावर करात वजावट नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जावरही वजावट फक्त व्याजाची, जास्तीत जास्त आठ वर्षं, आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.

प्रश्न : मी कोल्हापूरला राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. दूरस्थ एमबीएला खरंच मान्यता असते का? घ्यावी का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : असते. मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण ती मान्यता त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षी असायला हवी. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर यादी असते, एजंटच्या व्हॉट्सॲपवरची नको. शिवाय हातात पदवी मिळणार की डिप्लोमा, तेही विचारा. अनेक स्वायत्त संस्था पीजीडीएम देतात, तो डिप्लोमा असतो. आयआयएमनासुद्धा पदवी देण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने मिळाला.

घ्यावी का? तुमचं जेएआयआयबी आणि सीएआयआयबी (बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या व्यावसायिक परीक्षा) झालं आहे का, ते पत्रात नाही. झालं नसेल तर आधी ते. खर्च थोडा, अभ्यास रोजच्या कामाचा, आणि तुमच्या बँकेत बढतीच्या वेळी त्याचे किती गुण धरतात ते एचआरच्या परिपत्रकात सापडेल. एमबीए त्यानंतर.