भुसावळच्या भावाला: बाळाचं औषध आणि अमेरिका

भाऊ, तुम्ही विचारलंत, पाच महिन्यांच्या मुलीला ‘डिरा’ हा दुर्मिळ आजार निघालाय, अमेरिकेतली नोकरी चालून आलीय, औषध तिकडे मिळतं तर निघू का? व्हिसाचं कंपनी सांगेलच. मी आमचं सांगते.

आमच्या मुलाला अमळनेरला पंधराव्या दिवशी अंगभर पुवाचे फोड आले. सासूबाईंनी देवी आल्या म्हणून पाळण्याला कडुलिंब बांधला. डॉक्टरांनी जंतुसंसर्ग धरून महिनाभर अँटिबायोटिक दिलं. हाडं सुजलेली, उचललं की किंचाळायचा. शेवटी जीन तपासणीत कळलं, अंगात दाह पेटवणाऱ्या आयएल-1 ला आवर घालणारं प्रथिनच त्याच्या अंगात बनत नाही. अनाकिन्रा म्हणजे तेच प्रथिन बाहेरून, रोज एक टोचणी. आठवड्याच्या आत पोरगं हसायला लागलं.

2020 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, डिरासाठी त्याला मान्यता दिली, पुढच्या वर्षी आम्ही निघालो. मान्यता मिळाली म्हणजे औषध हातात, असं मला वाटलं होतं. इथे आधी विमा कंपनीची मंजुरी लागते. ह्यांनी नोकरी बदलली, विमा बदलला, कागद पुन्हा पहिल्यापासून. रोज फोन, रोज नवा माणूस, रोज तीच जन्मतारीख. फ्रिजमध्ये सहा सिरिंज उरल्या. सिरिंज 100 मिलिग्रॅमची, लेकराला त्यातलं थोडंच लागतं, उरलेलं फेकायचं असतं. फेकताना हात थरथरायचा. मग मी एक दिवसाआड टोचू लागले. तिसऱ्या दिवशी मानेवर फोड उठला. डॉक्टरांना हे अजून सांगितलेलं नाही. तुम्ही असं करू नका. पगाराआधी विचारा, विमा कोणत्या तारखेपासून, आणि तोवरचं औषध कोण देणार. साठा, डॉक्टरांचं पत्र, जीन रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा. औषध थंड हवं, पण गोठलं की वाया.

शाळेचं अजून सलतं. पत्र दिलेलं असूनही पुरळ बघून ‘बाकीच्यांना लागेल’ म्हणत त्याला ऑफिसात बसवून ठेवलं. मी पोचले तेव्हा तो जाकीट घालून, दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. हा आजार लागत नाही हो, जन्मतःच असतो.

एकटेपणाची सवय होते.

पण एक आहे. तो कडुलिंब मी ओढून फेकला होता, सासूबाईंना म्हणाले होते, तुमच्यामुळे उशीर झाला. रिपोर्टात दोष दोघांकडून आलेला निघाला, एक ह्यांच्याकडून, एक माझ्याकडून. दर रविवारी त्यांना फोन करते. तेवढं सोडून सगळं बोलते.