हुथी इराणचे, मग सौदी आणि दुबईवाले आपसात का भांडतात?

प्रश्न: माझा भाचा शिपवर आहे. त्यांची कंपनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जहाजं नेते. घरात सगळे म्हणतात हुथी म्हणजे इराणची माणसं, इराण विरुद्ध सौदी, विषय संपला. मग येमेनमध्ये सौदी आणि दुबईवाल्यांचं बिनसलं असं का ऐकू येतं, ते तर एकाच बाजूचे ना? (एक वाचक, वास्को)

उत्तर: अहो, गोची तिथंच आहे. हुथी म्हणजे येमेनमधलाच एक सशस्त्र शिया गट. त्यांनी सप्टेंबर 2014 ला राजधानी साना घेतली आणि मार्च 2015 ला सौदी, अमिरात (म्हणजे तुमचे दुबईवाले) वगैरे मिळून त्यांना हाकलायला उतरले, पण सौदीची येमेनशी हजार किलोमीटरहून लांब सीमा, त्यांना घोर मिसाईलचा, अमिरातची सीमाच लागत नाही, त्यांचा डोळा किनाऱ्यावर, म्हणजे एडन, मुकल्ला, मोखा (हो, तेच कॉफीवालं). म्हणून त्यांनी दक्षिणेत आपली वेगळी माणसं पोसली. 2017 ला त्यातूनच सदर्न ट्रान्झिशनल कौन्सिल ही संघटना निघाली, त्यांना दक्षिण येमेन परत वेगळा देश पाहिजे होता, 1990 पर्यंत तो होताच. ऑगस्ट 2019 ला त्यांनी एडन घेतलं ते हुथींकडून नाही बरं का, सौदीच्या पाठिंब्यावरच्या सरकारकडून!

इराण हत्यारं पुरवतो हे खरं, पण हुथी निव्वळ इराणचं प्यादं आहेत हे मला पटत नाही. मार्च 2023 ला चीनने बीजिंगमध्ये इराण आणि सौदीचा समेट घडवला, तरी नोव्हेंबरमध्ये हुथींनी तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलक्सी लीडर हे मालवाहू जहाज पळवलं, 25 खलाशी जानेवारी 2025 पर्यंत अडकले आणि तिथले लोक ते जहाज बघायला सहलीला यायचे! डिसेंबर 2023 ला अमेरिकेने जहाजांच्या रक्षणासाठी आघाडी जाहीर केली त्यात अरबांपैकी नाव फक्त बहारीनचं, सौदी गप्प, कारण हुथींबरोबरची एप्रिल 2022 पासूनची शांतता त्यांना घालवायची नव्हती.

तांबड्या समुद्रापलीकडच्या सुदानात तीच तऱ्हा, मित्रच समोरासमोर: तिथल्या यादवीत इजिप्त लष्कराच्या मागे, तर लष्कराशी लढणाऱ्या आरएसएफ या निमलष्करी दलाला अमिरात हत्यारं देते असा आरोप आहे, ते नाकारतात. त्यामुळे बातमी वाचताना शिया-सुन्नी जरा बाजूला ठेवा आणि बंदर कोणाच्या हातात आहे ते आधी बघा.

बाकी भाच्याला विचारा, कॉन्ट्रॅक्ट युनियनच्या कराराखालचं आहे का. तसं असेल तर वॉर झोन जाहीर झालेल्या पट्ट्यात जायला नाही म्हणायचा हक्क बहुतेक वेळा त्यात लिहिलेला असतो, सही करायच्या आधी ते कलम वाचून घ्यायला सांगा.