बाबांचं पुस्तक ई-बुक करायचंय, स्कॅन पीडीएफ पुरेल का?

प्रश्न : नमस्कार, माझ्या वडिलांनी १९९७ साली द्राक्षबागेवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं, खरड छाटणीपासून गोडी छाटणीपर्यंत सगळं, आमच्या दिंडोरीकडे अजूनही त्याच्या झेरॉक्स फिरतात. बाबा आता नाहीत आणि प्रकाशकांचं कामही बंद झालंय. डीटीपीवाल्यांकडून सीडी मिळाली पण फाईल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. भाऊ म्हणतो सरळ स्कॅन करून पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकू, झालं काम. मी गोंधळले आहे, ॲमेझॉनच्या किंडलवर टाकावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी ती सीडी जपून ठेवा, तिच्यातलं सगळं कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या. फाईल बिघडलेली नाहीये. त्या काळी पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपी वगैरे फॉन्टवर काम व्हायचं, त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे, मग तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. हा मजकूर कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, आणायचा. नंतर मात्र एकेक ओळ छापील पुस्तकाशी ताडून बघायलाच लागते, कारण पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, रफार सरकतो, 'वाऱ्याने' चं 'वार्याने' होतं, आणि औषधाच्या मात्रेतला पॉइंट उडाला तर बागेचं नुकसान होईल, त्यामुळे आकडे दोघांनी मिळून तपासा, एकाने वाचायचं दुसऱ्याने बघायचं. सीडी चाललीच नाही तर पानांचे स्वच्छ फोटो गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा, मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो, तपासणी तिथेही आलीच.

भावाचं म्हणणं चूक नाही पण अपुरं आहे. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. 'डाऊनी' हा द्राक्षावरचा रोग शोधला तर काही सापडणार नाही, ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवू शकणार नाही, आणि बागेत उभं राहून फोनवर वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावं लागेल. पीडीएफ १९९३ साली आली तीच मुळी छापील पान जसंच्या तसं दिसावं म्हणून, प्रिंट काढायला ती उत्तमच आहे, म्हणून तपासलेल्या मजकुराची एक पीडीएफ जरूर करा. पण फोनसाठी ईपब नावाची ई-बुकची फाईल करा. हा फॉरमॅट २००७ पासून आहे, आत वेबपेजसारखीच पानं झिप करून ठेवलेली असतात, त्यामुळे अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप स्क्रीनच्या मापात बसतात.

अडचण तक्त्यांची. छाटणीनंतरच्या दिवसांचा सहा-सात रकान्यांचा तक्ता फोनवर मोडतो आणि लोक मग त्याचा फोटो टाकून मोकळे होतात, तसं करू नका. दिवसांप्रमाणे छोटे परिच्छेद करा किंवा दोन-तीन रकान्यांत तोडा. या पुस्तकात शेतकरी सगळ्यात जास्त तेच पान उघडणार!

किंडलवर मराठी पुस्तक टाकता येतं, ईपबच अपलोड करायची. फक्त तिथे 'केडीपी सिलेक्ट' असा पर्याय येतो, तो घेतला तर ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच देता येत नाही, फुकटसुद्धा नाही, म्हणजे व्हॉट्सॲपवर वाटणं बंद. तुम्हाला ते गावागावात पोचवायचंय तर तो पर्याय घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. गुगल प्ले बुक्सवरही तीच ईपब चालते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, हवा असेल तर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, छापील पुस्तकाचा नंबर ई-बुकला चालत नाही, वेगळा घ्या.

हक्काचं म्हणाल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो आणि तो वारसांकडे येतो, त्यामुळे आई, भाऊ, बहिणी सगळ्यांची लेखी संमती घेऊन ठेवा. प्रकाशकाशी झालेला करार शोधा. बाबांनी हक्क लिहून दिले असतील आणि मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती ५ वर्षंच धरतात, तरी कागद एकदा वकिलाला दाखवाच.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९९७ च्या पुस्तकातली काही औषधं आज बंद असतील, एंडोसल्फान या कीटकनाशकावर तर सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच बंदी आणली. बाबांचा मजकूर बदलू नका, पण प्रत्येक फवारणीच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच, शेवटी नाही, वेगळ्या चौकटीत तारखेसकट टीप द्या की ही शिफारस त्या काळची आहे. आत्ता चालणाऱ्या औषधांची यादी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून पडताळून घ्या, निर्यातीची द्राक्षं पिकवणारे तर द्राक्षात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या मर्यादेवरच अडतात. यादी बदलली की टीप बदलून नवी ईपब चढवा आणि पहिल्याच पानावर आवृत्तीची तारीख टाका, म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी फाईल कोणती आणि नवी कोणती हे वाचणाऱ्याला कळेल.