पाढे येतात, भागाकार नाही

प्रश्न: माझी लेक चौथीत आहे. पाढे पंधरापर्यंत धडाधड म्हणते, आजीने रोज दिवेलागणीला म्हणून घेतलेत. पण ५६ भागिले ८ विचारलं की गप्प! भाऊ म्हणतो कोडिंग शिकव. घरी लॅपटॉप आहे, पण पावसात नेटचे हाल. खरंच फायदा होईल का?
– एक आई, दापोली

उत्तर: होईल ताई, पण पाढे विचारणारे गेम नका डाउनलोड करू, त्यात लेक नुसती उत्तरं देत बसते. उलट तिलाच कॉम्प्युटरकडून पाढा करून घेऊ दे. त्यासाठी स्क्रॅच बेस्ट, म्हणजे सूचनांचे ठोकळे (ब्लॉक) जोडून मुलांनी प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेलं, फुकट आहे आणि एकदा इन्स्टॉल केलं की नेट नसलं तरी चालतं.

आधी 'आंबे' नावाचं व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा ठेवायचा डबा, करायचं, देवनागरीत नाव चालतं. ते शून्यावर ठेवायचं, मग रिपीट १० चा ब्लॉक (आतलं काम दहा वेळा करणारा) आणि आत दरवेळी ८ ने वाढव आणि आकडा बोलून दाखव, एवढंच. आठाचा पाढा तयार!

आता खरी गंमत. आंबे १००, आणि 'डझन' नावाचं दुसरं व्हेरिएबल ०. आंबे १२ पेक्षा कमी होईपर्यंत रिपीट, दरवेळी आंब्यातून १२ वजा आणि डझनात १ मिळव. थांबेल तेव्हा ८ डझन आणि ४ आंबे उरलेले दिसतील. पेट्या भरताना आपल्याकडे हेच तर करतात, त्यामुळे बाकी म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. मग १०० च्या जागी ५६ आणि दोन्हीकडे १२ च्या जागी ८ टाकायला सांगा, सात वेळा वजा होऊन शून्य उरतं, म्हणजे तिचं पाठ असलेलं 'आठ साते छप्पन'च उलट्या बाजूने आलं. हे तिने स्वतः चालवून बघणं फार महत्त्वाचं आहे, आपण दहादा सांगून ते होत नाही.

तिला ८ काढून ० सुद्धा टाकू दे. शून्य वजा करत राहिलं तर आंबे कमीच होत नाहीत, प्रोग्रॅम थांबतच नाही, लाल बटण दाबावं लागतं. शून्याने का भागत नाहीत ते मला तरी याहून सोपं करून सांगता येणार नाही.

पाठांतर मात्र बंद करू नका, पाढा तोंडावर असला की पुढचे पॅटर्न पटकन दिसतात. लाइट गेली तर कागदावर गोल काढा, भोवती ० ते ९ लिहा, ० पासून सुरू करून साताच्या पाढ्यातले एकक स्थानचे अंक ओळीने जोडत जा: ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ०. दहा टोकांची चांदणी होते. आठाचा पंचकोन होतो. तिनाची चांदणी साताचीच, फक्त उलट्या दिशेने फिरलेली, आणि ती का हे लेकीला शोधू दे, सात नि तीन मिळून दहा हे तुम्ही आधी फोडू नका.