ऑपरेशनच्या आधी दुखण्याची गोळी का बंद करतात?

प्रश्न : आईचं वय ६४, वजन ६० किलो. पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचा आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची एकत्र गोळी चालू आहे, गुडघ्यासाठी दोन वर्षं रोज एसिक्लोफिनॅक. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ०.८. तरी भूलतज्ज्ञांनी दुखण्याची गोळी आठवडाभर आधी आणि बीपीची गोळी आदल्या दिवसापासून बंद करायला सांगितली. दोन वर्षांत काही झालं नाही, ते आता काय होणार? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन वर्षांत काही झालं नाही, कारण त्या काळात आईंच्या अंगात रक्त-पाणी पुरेसं होतं. दुखण्याची ही गोळी मूत्रपिंडाला विषासारखी जाळत नाही. अडचणीच्या वेळी त्याला लागणारा टेकू ती काढून घेते, आणि ऑपरेशन ही नेमकी अडचणीची वेळ.

हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं, त्यातलं लिटरभर दोन मूत्रपिंडांकडे जातं. रक्त वाहून गेलं किंवा भुलेनं बीपी उतरलं, की शरीर धरणातलं पाणी मेंदू आणि हृदयासाठी राखतं आणि बाकीच्या चाऱ्या आवळायला लागतं. मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि नेणारी दुसरी. आणणारी फार आवळली जाऊ नये म्हणून मूत्रपिंड जागच्या जागी प्रोस्टाग्लँडिन बनवतं. नेणारी मात्र अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक आवळून धरतं, म्हणून थोडक्या रक्तातही गाळणीत दाब टिकतो.

एसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक ही सगळी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनू न देऊनच दुखणं कमी करतात. अॅस्पिरिनचं हे गुपित ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आता आईंच्या गोळ्या मांडून बघा. एसिक्लोफिनॅकमुळे आणणारी वाहिनी आवळते, टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला अडवतं म्हणून नेणारी सैल पडते, आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे पाणी काढतं. वरचं दार लोटलेलं, खालचं सताड उघडं, टाकीत पाणी कमी. गाळणीत दाब उरायचा कुठून?

गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये अनेकदा मांडीला आवळपट्टा बांधतात. त्यामुळे टेबलावर रक्त फारसं दिसत नाही. पट्टा सोडल्यावर ते सांध्यात आणि आसपास झिरपत राहतं. त्यात उपास आणि उलट्या. म्हणून धोक्याची वेळ टेबलावरची नव्हे, पहिल्या रात्रीची आणि दुसऱ्या दिवसाची.

‘आठवडाभर’ हा सोयीचा आकडा आहे. डायक्लोफिनॅक एका दिवसात अंगातून जवळपास निघून जातं, नेप्रोक्सेनला तीन-चार दिवस लागतात, पायरॉक्सिकॅमला आठवड्याहून अधिक. मधल्या काळात दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. केमिस्टनं ‘दुसऱ्या कंपनीची’ म्हणून दिलेली पट्टी उलटून वाचा. पॅरासिटामॉलच्या जोडीला फिनॅक, प्रोफेन किंवा कॉक्सिबनं संपणारं नाव असेल तर ती तीच गोळी, नव्या कपड्यात. एटोरिकॉक्सिबला ‘सौम्य’ म्हणतात ते पोटापुरतं. ती ज्या एन्झाइमला अडवते तेच मूत्रपिंडातही काम करतं. हृदयासाठी किंवा स्टेंटसाठी अॅस्पिरिन चालू असेल, तर ती मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

ऑपरेशननंतर हे औषध कधीच द्यायचं नाही, असंही नाही. आई पाणी पिऊ लागल्या, बीपी स्थिर, रक्तस्राव थांबलेला, लघवी चांगली आणि क्रिएटिनिन जागेवर असेल, तर दोन-तीन दिवस देण्यात बहुतेकदा अडचण येत नाही. मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी लागतात. बीपीची गोळी परत कधी सुरू करायची ते मात्र त्याच वेळी विचारून घ्या. दोन्ही एकाच दिवशी सुरू होऊ नयेत.

नातेवाइकांनी दोन गोष्टींवर डोळा ठेवावा. एक, लघवीची पिशवी. किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर हा किमान हिशेब, म्हणजे आईंना तासाला ३० आणि सहा तासांत १८०. त्याखाली गेलं तर सिस्टरांना सांगा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका. दोन, क्रिएटिनिन. ते लघवीच्या मागून, एक-दोन दिवसांनी चढतं. आणि ०.८ चं १.१ झालं तर लॅबच्या कागदावर ते कदाचित नॉर्मलच दिसेल, पण ४८ तासांत ०.३ ची वाढ म्हणजे मूत्रपिंडाला इजा झाली, असंच धरतात. म्हणून आधीचा रिपोर्ट फाइलमध्ये वर ठेवा.

प्रश्न : अपघातात मांडीचं हाड मोडलं, रक्त गेलं. वाटेत दवाखान्यात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं, त्यावर मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर नाराज झाले. वेदना शमवू नये का?

उत्तर : शमवावी, पण याने नव्हे. मांडीचं हाड बंद जखमेतही एक-दीड लिटर रक्त आत गिळतं. अशा वेळी हे इंजेक्शन दिलं तर तीन गोष्टी बिघडतात : मूत्रपिंडाचा टेकू जातो; प्लेटलेट एकमेकांना नीट चिकटत नाहीत म्हणून रक्त वाहत राहतं; आणि शॉकमध्ये, म्हणजे रक्त जाऊन बीपी कोसळल्यावर, स्नायूंकडे रक्तच फिरत नसल्यानं इंजेक्शन तिथेच पडून राहतं, सलाइन-रक्त चढवल्यावर एकदम आत शिरतं. जखमेवर दाब, पायाला फळी, मग शिरेतून पॅरासिटामॉल किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिनच्याच जातीच्या फेन्टानिलचे छोटे डोस. पाय हलू दिला नाही, तर निम्मं दुखणं फळीनंच उतरतं.

प्रश्न : सिझेरियननंतर डायक्लोफिनॅकची सपोझिटरी (शौचमार्गे ठेवायची गोळी) ठेवतात. मग ती धोक्याची का?

उत्तर : सरळ पार पडलेल्या सिझेरियनमध्ये नाही, ते उत्तम औषध आहे. पण रक्त लिटरभर किंवा जास्त गेलं असेल, गर्भारपणात बीपी वाढून मूत्रपिंडावर ताण आला असेल, किंवा लघवी कमी होत असेल, तर थांबतात. शौचमार्गे दिली तरी ती रक्तातच जाते. तेव्हा वॉर्डात सपोझिटरी हातात घेऊन आलेल्या सिस्टरांना ‘टेबलावर रक्त जास्त गेलं होतं’ एवढं एक वाक्य जरूर सांगा. रात्रपाळीला ते ठाऊक असेलच असं नाही.