ओनीला राक्षस म्हणावं का? आणि ‘हिबिकी’तला ‘की’

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. ‘कामेन रायडर हिबिकी’ ही जपानी मालिका त्या भाच्याबरोबर पाहताहेत आणि त्याच्यासाठी तिची गोष्ट मराठीत लिहून काढताहेत. अडलंय ते असं: मालिकेतले नायक ‘ओनी’ आहेत, कोशात ओनीचा अर्थ राक्षस दिलाय, मग चांगल्या माणसांना राक्षस कसं म्हणायचं? आणि हिबिकी, इबुकी, तोदोरोकी, झान्की अशी सगळ्यांची नावं ‘की’नेच का संपतात? आपल्या ‘राव’, ‘पंत’सारखं काही आहे का हे?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्याच्या पोटात आहे.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. टीव्ही आसाही या वाहिनीवर ३० जानेवारी २००५ ते २२ जानेवारी २००६ या काळात तिचे ४८ भाग झाले. डोंगरदऱ्यांत, पाणवठ्यांवर ‘माकामो’ नावाचे जीव माजतात आणि माणसं खातात. नुसत्या शस्त्राने ते आटोपत नाहीत, त्यांना शुद्ध करणारा नाद लागतो. तो नाद काढायचं काम ओनींचं. हिबिकी माकामोच्या अंगावर ढोल चढवतो आणि दोन टिपरांनी बडवतो. इबुकी बंदुकीने त्याच्या अंगात खडे रोवतो आणि मग तीच बंदूक ट्रम्पेट म्हणून फुंकतो. तोदोरोकी गिटारचं पातं खुपसून तारा छेडतो. वाचताना हसू येतं, पडद्यावर येत नाही.

आता ‘की’. जपानीत चिनी लिपीतून आलेल्या बहुतेक अक्षरांना दोन तऱ्हेचे उच्चार असतात, एक देशी आणि एक चिनी वळणाचा. ‘ओनी’ हा देशी उच्चार. त्याच अक्षराचा चिनी वळणाचा उच्चार ‘की’. म्हणजे कागदावर हिबिकीच्या नावाचं शेवटचं अक्षर पाहिलं की तिथे ओनी बसलेला दिसतो.

पण खरी गंमत पुढे आहे. झान्की, दान्की, एइकी ही नावं सरळ जोडून केलेली आहेत: ‘झान’ म्हणजे कापणं, पुढे ‘की’. हिबिकीचं तसं नाही. ‘हिबिकु’ हे अस्सल जपानी क्रियापद आहे, अर्थ घुमणे, निनादणे. त्याचं नाम ‘हिबिकी’. ‘तोदोरोकु’ म्हणजे गडगडणे, त्यावरून ‘तोदोरोकी’, गडगडाट. ‘इबुकी’ म्हणजे श्वास, फुंकर. या शब्दांतला ‘की’ मुळात शब्दाचं शेपूट आहे, त्याचा भुताखेतांशी काही संबंध नाही. मालिकेच्या लेखकांनी त्या निरुपद्रवी शेपटाच्या जागी ओनीचं अक्षर बसवलं.

मराठीत असा खेळ करायचा झाला तर मी ‘घनीभूत’, ‘वशीभूत’, ‘अंतर्भूत’ अशा नावांची तीन भुतं उभी करीन. शब्द रोजचेच, पण शेवटचं ‘भूत’ आता खरंच भूत. जपानी पोराला ‘हिबिकी’ हे नाव लिहिलेलं पाहून जी गुदगुली होते, ती साधारण अशी.

नावांत आणखी एक बारकावा आहे, तो भाच्याला आवडेल. हिबिकीचं खरं नाव हिदाका हितोशी. इबुकी हा इझुमी इओरी, तोदोरोकी हा तोदायामा तोमिझो. आडनाव, नाव आणि ओनी-नाव, तिन्हींचं पहिलं अक्षर एकच. शिवाय माणसाच्या रूपात असताना नाव काताकाना या साध्या, नुसता उच्चार दाखवणाऱ्या जपानी अक्षरांत लिहितात आणि ओनी झाला की चिनी अक्षरांत. उच्चार तोच, लिपी बदलली की माणूस बदलला. देवनागरीत याला इलाज नाही. जाड ठसा वापरून पाहा हवं तर.

आता ओनी. कोशकारांनी राक्षस लिहिलं, कारण चित्रांतला ओनी तसाच दिसतो: डोक्यावर शिंगं, कमरेला वाघाचं कातडं, हातात लोखंडी सोटा. पण खुद्द राक्षस हा आपला शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात गेलेलाच आहे. तिथे तो ‘रासेत्सु’ झाला आणि यक्षाचा झाला ‘याशा’. त्यामुळे राक्षस ही जागा आधीच भरलेली आहे. चिनी भाषेत ओनीचं अक्षर मेलेल्या माणसाच्या भुतासाठी वापरतात. जपानी ओनी मात्र मेलेला असावा लागत नाही. दहाव्या शतकातल्या ‘वाम्यो रुइजुशो’ या कोशात ओनी शब्दाचा संबंध ‘लपलेला’ अशा अर्थाच्या शब्दाशी जोडलाय: जो आपलं रूप दाखवू इच्छित नाही तो. ही व्युत्पत्ती खरी माना किंवा मानू नका, शहरात गुपचूप राहून रानात कामगिरीवर जाणाऱ्या या मंडळींना ती चपखल बसते.

आपल्याकडच्या बौद्ध कथांतला प्रेतही (मढं नव्हे, भुकेने तळमळणारं भूत) तिकडे गेला आणि ‘गाकी’ झाला, शब्दशः ‘भुकेला ओनी’. शेवटी पुन्हा तोच ‘की’. आज बोलीत गाकी म्हणजे कार्टं! सतत खायला मागणारं, म्हणून. (भाच्याला हे सांगू नका.)

आणि ओनी चांगला असू शकतो का, याचा दाखला आपल्याच डोंगरात आहे. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात हारीतीची मूर्ती आहे, शेजारी तिचा नवरा पांचिक. ही यक्षी लोकांची मुलं खायची. बुद्धाने तिचं धाकटं मूल लपवलं तेव्हा तिला आईचं दुःख कळलं आणि ती मुलांची राखणदार झाली. जपानात तिला ‘किशिमोजिन’ म्हणतात, आणि तिच्या नावात पहिलंच अक्षर ओनीचं. तोक्योत झोशिगाया इथल्या तिच्या देवळात हे अक्षर लिहिताना डोक्यावरचा छोटा फटकारा गाळतात. तो फटकारा म्हणजे शिंग, आणि तिचं शिंग गळालं, म्हणून.

तेव्हा ताई, राक्षस नको, ‘ओनी’च ठेवा. एकदा कंसात ‘शिंगवाला, दांडगा’ असं काहीतरी लिहा आणि पुढे चला. भाच्याला समजावायचं असेल तर जपानी पोरांचा शिवाशिवीचा खेळ सांगा. आपण म्हणतो ‘तुझ्यावर राज्य’, ती म्हणतात ‘तू ओनी’.

मात्र हिबिकी या नावाचा अर्थ सांगताना ‘प्रतिध्वनी’ लिहू नका. प्रतिध्वनी म्हणजे परत आलेला आवाज. जपानीत त्याला ‘यामाबिको’ म्हणतात, आणि त्या नावाचा एक माकामो मालिकेतच आहे, त्यामुळे घोटाळा होईल. मी ‘घुमणे’ हेच क्रियापद वापरीन, आणि नुसतं अर्थ जुळतो म्हणून नाही. आपल्याकडे ढोल घुमतो, पारवा घुमतो, आणि अंगात आलेला माणूसही घुमतो. नाद आणि संचार, दोन्हींना एकच क्रियापद. हिबिकीच्या नावात लेखकांना अक्षरांची कसरत करून जे साधावं लागलं, ते मराठीत आयतं पडलेलं आहे. तो ओनी कसा होतो ते आठवा: नादकाटा आपटतो, तो घुमायला लागला की कपाळाजवळ नेतो, आणि मग रूप पालटतं. डाक या वाद्याच्या ठेक्यावर अंगात येताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही. फरक एवढाच की आपल्याकडे वाद्य वाजवणारा एक आणि घुमणारा दुसरा असतो. इथे दोन्ही एकच.

‘माकामो’ला मात्र सरसकट भूत म्हणू नका. तो शब्द तीन अक्षरांचा: मा, का आणि मो. यातलं ‘मा’चं अक्षर चीनमध्ये घडवलं गेलं तेच आपला ‘मार’ लिहिण्यासाठी, बुद्धाला भुलवायला आलेला तो मार. ‘का’ म्हणजे रूप पालटणं. ‘मो’ म्हणजे डोंगरपाण्यातली भुताटकी. एका शब्दात हवं असेल तर मी ‘बाधा’कडे झुकतो, कारण ओनी तिला मारत नाहीत, उतरवतात. ‘बाधा उतरवली’ हे मराठीत जसं बसतं तसं ‘शुद्धीकरण केलं’ बसत नाही.

न विचारलेलं एक. हिबिकी सारखं म्हणत असतो की मी स्वतःला ‘किताएरु’ करतो ना! हे क्रियापद लोखंड तापवून ठोकण्याला आणि शरीर कमावण्याला, दोन्हीला चालतं. ‘व्यायाम करतो’ फारच फिकं. ‘तालीम करतो ना!’ लिहा. मराठीत तालीम पैलवानाचीही असते आणि नाटक-गाण्याचीही, आणि हा गडी दोन्ही आहे.

‘ओनी’ हा शब्द हत्तीसारखा चालवा: एक ओनी, दोन ओनी, ओनीने, ओनींना. आणि इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘टोडोरोकी’ लिहू नका. जपानी जीभ तिथे दातांनाच लागते, त आणि द.