एलएचसीच्या टकरी वाढणार, मग डिटेक्टर का उघडायचा?

तुम्ही विचारलंय, की सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतला एलएचसी, म्हणजे प्रोटॉन एकमेकांवर आदळवणारा कणत्वरक, जास्त टकरी घडवणार असेल तर त्यांतून उडणारे कण टिपणारा सीएमएससारखा चालता डिटेक्टर कशाला खोलायचा, संगणक वाढवून भागणार नाही का? नाही भागणार. गढूळ पाणी आलं तर मोठ्या टाकीचा काय उपयोग?

प्रोटॉनचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांतून जातात. हल्ली पुंजक्यांच्या अशा एका भेटीत साधारण ६० टकरी होतात. पुढच्या पर्वात १४० ते २०० होतील. त्यातली कामाची असली तर एखादीच. बाकीच्यांचे कण त्याच जागी, त्याच क्षणी येऊन सगळा गोंधळ घालतात.

'त्याच क्षणी' मात्र पूर्ण खरं नाही, आणि मला या अपग्रेडमधली सगळ्यात देखणी गोष्ट तीच वाटते. फटाक्यांची माळ लांबून एकच कडकडाट वाटते, पण प्रत्येक फटाका थोडा पुढेमागे फुटलेला असतो. या टकरीही काहीशे पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) पसरलेल्या असतात. सीएमएसमध्ये येणारा नवा थर ३० ते ४० पिकोसेकंद इतक्या अचूकतेने वेळ सांगेल. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम सेंटीमीटरभर जातो! जागेवरून वेगळ्या न करता येणाऱ्या टकरी मग वेळेवरून वेगळ्या होतात.

दुसरं दुखणं किरणोत्सर्गाचं. दोन्ही टोकांकडचे, कणांची ऊर्जा मोजणारे लेड टंगस्टेटचे स्फटिक मार खाऊन अंधुक होत चाललेत. त्यांच्या जागी एचजीकॅल हा नवा ऊर्जामापक येतोय: सुमारे ६०० चौरस मीटर सिलिकॉन, ६० लाखांच्या घरात चॅनेल, म्हणजे वेगवेगळे वाचता येणारे तुकडे. त्याची काही मॉड्यूल मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत जुळवली जातात. सिलिकॉनलाही मार बसतोच, त्यातून गळतीचा करंट, म्हणजे कण नसतानाही झिरपणारी वीज, वाढतो. तापमान साधारण ७ अंशांनी उतरवलं की तो निम्मा होतो, म्हणून सगळं उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास, कार्बन डायऑक्साइड फिरवून थंड ठेवायचं. थंडी म्हटलं की दव आलंच. चाचणीच्या वेळी मी एकदा घाईत पेटीचं झाकण लवकर उघडलं आणि मॉड्यूलवर दव धरलं. तेव्हापासून दव धरू नये म्हणून पेटीत सोडलेला कोरडा नायट्रोजन बंद करायच्या आधी तापमान दोनदा वाचतो.

संगणकाचं म्हणाल, तर पहिल्या ट्रिगरचा, म्हणजे कुठल्या टकरींची माहिती ठेवायची ते झटपट ठरवणाऱ्या चाळणीचा, दर सेकंदाला १ लाखावरून साडेसात लाखांवर जाणार आणि निर्णयाला १२.५ मायक्रोसेकंद मिळणार. तितका वेळ माहिती धरून ठेवायची ताकद डिटेक्टरच्या आतल्या जुन्या चिपांमध्ये नाही.

सगळंच भंगारात जात नाही, बरं का. ३.८ टेस्लाचा चुंबक तोच राहतोय. मधल्या भागातले स्फटिकही तेच. त्यांना १८ ऐवजी ९ अंशांवर ठेवायचं आणि इलेक्ट्रॉनिक्स तेवढं नवं बसवायचं.